ट्राममधली वाट

३ नोव्हेंबर, सोमवार
मोठी बातमी. पुण्याच्या कंपनीच्या लो-फ्लोअर ट्रामचा एक डबा, प्लायचा पण अगदी खऱ्या मापाचा, आमच्या उद्यमबागच्या वर्कशॉपमध्ये बनणार. डिझाइन हेड : मी. आमचे मालक मारुतीराव साहेब म्हणाले, 'तात्पुरता.' सगळे मोठे हुद्दे सुरुवातीला तात्पुरतेच असतात.

ट्रामची जमीन फूटपाथच्या उंचीला. पायरी नाही. सरळ आत.

लगेच निपाणीला राजेश्वरीआक्काला फोन. माझी थोरली बहीण. स्कूटरच्या अपघातापासून व्हीलचेअरवर आहे, हायस्कूलमध्ये गणित शिकवते. बस असो, रिक्षा असो, लग्नाचा हॉल असो, कुणीतरी तिला उचलतं, आणि ते तिला अजिबात खपत नाही. म्हटलं, 'आक्का, माझ्या ट्राममध्ये तुला कुणी हात लावायचा न्हाय. पहिली पॅसेंजर तू.' ती म्हणाली, 'बघू रं.' पण आवाज खूश होता.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
मंजुश्रीनं अडचण काढली. (ज्युनिअर इंजिनिअर, कंग्राळीची. हुशार, पण शंका फार.) जमीन खाली आणली की चाकं जाणार कुठं? जुन्या ट्रामची चाकं जमिनीखाली लपायची, इथं ती डब्यातच डोकं वर काढणार. मी जागच्या जागी सोडवलं. चाकांवर पेट्या, पेट्यांवर सीटा. ती म्हणाली, जगभर असंच करतात सर. म्हणजे जग बरोबर मार्गावर आहे.
संकल्प : रोज पहाटे उठून ट्रामचा अभ्यास. सोमवारपासून.

११ नोव्हेंबर, मंगळवार
सोमवार गडबडीत गेला.
पेट्या जरा रुंद केल्या. जादा सीटा बसल्या. पुणेवाले सीटाच मोजणार, मला पक्कं माहीत आहे. मंजुश्रीचं म्हणणं, पेट्यांमधली वाट अरुंद झाली, व्हीलचेअर आत येईल पण वळणार नाही. 'सर, आक्कांना आधी एकदा बोलवून बघूया.' म्हटलं, सरप्राइज जाईल.
तरी टेस्ट केली. शास्त्रशुद्ध. ऑफिसच्या फिरत्या खुर्चीत बसून स्वतः वळलो. गरागरा. भरपूर जागा. ती म्हणाली, सर, या खुर्चीला बाजूला मोठी चाकं नाहीत. निगेटिव्ह स्वभाव.

१६ नोव्हेंबर, रविवार
आक्काचा फोन. वाट किती रुंद आहे, विचारत होती. गणिताची बाई, आकडा मागणारच. म्हटलं, 'तू ये तर.' तिनं परत आकडा विचारला. मग म्हणाली, 'मंथन, लोकांसमोर फजिती नको रं.'
  टेन्शन अजिबात नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार
उद्या डेमो. साहेब सकाळपासून येरझाऱ्या घालतायत. डबा पास झाला तरच पुढची ऑर्डर, नाहीतर शॉपमधल्या पोरांना काम नाही. मंजुश्री परत म्हणाली, अजून वेळ आहे, पेटी कमी करूया. लॅमिनेट लागलंय म्हटलं.  

२० नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळ
सुरुवात अप्रतिम. पुण्याचे पाहुणे, साहेब, सगळा शॉप उभा. आक्का डेमोसाठी बांधलेल्या फूटपाथवरनं थेट आत. कुणाचा हात नाही. टाळ्या. मी वाकून नमस्कार केला.
मग तिनं चेअर वळवली.
पाय ठेवायची पट्टी एका सीटच्या कडेखाली गेली, मागचं चाक समोरच्या पेटीला अडकलं. पुढं नाही, मागं नाही. तिनं दोन्ही हातांनी जोर लावला. परत लावला. टाळ्या थांबल्या. प्लाय करकरलेला सगळ्यांना ऐकू आला. तिच्या मानेवर घाम. एका पाहुण्यानं मोबाइल बाहेर काढला. साहेब माझ्याकडे बघायला लागले. काहीतरी बोलणं भागच होतं.
मी म्हणालो, 'चौघं या रं. आक्काला चेअरसकट उचलूया.'
तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. ओरडली नाही. 'कुणी हात लावायचा न्हाय.' मग मंजुश्रीला म्हणाली, 'ही पेटी कापायला येतीय काय गं?'
'व्हय आक्का. प्लायच हाय.'
मी म्हणालो, लॅमिनेट नवं आहे. का म्हणालो माहीत नाही. मोठ्यानं म्हणालो.
भरमूअण्णा सुतार आत गेले. मशीन नको म्हणाले, आक्काच्या पायाला लागून कापायचं होतं. हातकरवतीनं, सावकाश. आक्का साडी आवळून धरून बसली होती.  तुकडा पडला. चेअर सुटली. ती वळली, स्वतः बाहेर आली, माझ्या शेजारून गेली. थांबली नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
एकंदरीत डेमो यशस्वी. चढणं सिद्ध झालं. वळणं हा वेगळा विषय आहे.
आक्का फोन उचलत नाही. निपाणीला रेंजचा प्रॉब्लेम असतो.
दुपारी : शाळेच्या ऑफिसला लावला. रेंज आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
पुण्याहून मेल. डबा पास. जिथं कापलं, तिथंपर्यंतच पेटी ठेवा. ड्रॉइंग मंजुश्री करणार. शॉपमध्ये पेढे. साहेबांना आठवण करून दिली की पेट्यांची आयडिया माझी. ते म्हणाले, 'व्हय. तीच कापली.'
पुढच्या ट्रायलला पुण्यात राजेश्वरी मॅडमना बोलावलंय. सोबत एक व्यक्ती. ती व्यक्ती अर्थात मी.

३० नोव्हेंबर, रविवार
निपाणीला गेलो. आक्कानं चहा केला. मी टेक्निकल पार्श्वभूमी समजावून सांगितली, सविस्तर. तिनं सगळं ऐकून घेतलं.
'वाट अरुंद हाय, हे तुला म्हाईत होतं?'
'मंजुश्री म्हणत होती.'
'आणि मला बोलावलंस.'
 म्हटलं, पुण्याला मी नेतो. ती म्हणाली, 'न्हाय. मंजुश्री येतीया. तू तुझी गाडी दे.'

४ डिसेंबर, गुरुवार, सकाळ
गाडी आणि मंजुश्रीला घेऊन निपाणीला गेलो. सवयीनं पुढं होऊन हात घातला. आक्का म्हणाली, 'सरक बाजूला.' मंजुश्रीनं फक्त दार धरलं. आक्का एका हातानं सीट, एका हातानं दार पकडून, थोडं थोडं सरकत गाडीत बसली. लई वेळ लागला. मला बघवत नव्हतं. बघितलं.
मग मंजुश्रीनं गाडी चालवायला घेतली, त्या पुण्याला गेल्या. मी बसस्टँडवर आहे.
आक्का बोलल्यापासून हात शेवटपर्यंत खिशात ठेवले होते. मला वाटतं, ते बरं जमलं. कुणी काही म्हणालं नाही.