हँडलखालचा नट

अहो,

पुढचा ब्रेक दाबला की माझी सायकल का थरथरते, ते आज मी स्वतः पाहिलं. चाक सरळ आहे, ब्रेकची रबरं नवी आहेत. ब्रेक दाबून धरला आणि सायकल मागंपुढं ढकलली, तेव्हा हँडलखालचा मोठा नट सैल असल्याचं कळलं. तो आपोआप एवढा सैल होत नाही, म्हणून तुमच्या वहिनींना विचारलं. त्या रडायलाच लागल्या. म्हणाल्या, "भावोजींनीच पान्यानं ढिला केला गं. तुझी बालवाडीतली नोकरी सुटावी म्हनून."

त्या सैल नटामुळंच कोंडाण्याच्या उतारावर मी पडले होते, पुढचे दोन दात गेले. तोंडातून रक्त येत होतं आणि तुम्ही चारचौघांत हसत होता, "बायांना सायकल झेपत नाय."

मी पोशीरला माहेरी जाते आहे. तुमची सायकल नेते, माझी तुम्हाला ठेवली आहे. नट मी आवळलेला नाही, आणि पाना विहिरीत टाकला आहे. कामावर जायला तुम्हालाही तोच उतार आहे. पडलात तर निरोप पाठवू नका. मी यायची नाही.

इंदू