उघडं बॅरल

लातूर, एप्रिल २०१६, रविवार

आज टँकर आला. आमच्या वाट्याला दोन बॅरल पाणी. एक प्यायला झाकून ठेवलं, दुसऱ्याचं झाकण काढलं, माशासाठी. टँकरच्या पाण्यात पावडर असते, तिचा वास उडाला नाही तर मासा मरतो, असं हे सांगायचे आणि बॅरल उघडं ठेवायचे. धूळ पडते म्हणून मी भांडून झाकण लावायची.

हे गेल्यापासून यांनी पाळलेला ऑस्कर मासा जुन्या काचेच्या टाकीतच आहे. यांच्या हातून लहान मासे गिळून एवढा वाढलाय की धड वळता येत नाही. त्याच्यासाठी यांनी आणलेली सहा फुटी टाकी समोरच्या खोलीत कोरडीच उभी आहे. थोडं थोडं पाणी साठवून भरावी का? अशा दिवसांत?

सासूबाई म्हणाल्या, "माणसाला पाणी न्हाई अन् तू माशाला बॅरल दे. नांदेडच्या माशांच्या दुकानवाल्याला देऊन टाक की त्याला."

"बघू."

"माझा लेक बी असंच बघू म्हणायचा."

दिवसभर तेच मनात. त्यांचंही खरंच आहे. दिवेलागणीला झाकण लावून टाकावं म्हणून मागे गेले, तर झाकण भिंतीला टेकवलेलं आणि बॅरलच्या तोंडावर सासूबाईंचं जुनं, विरलेलं लुगडं बांधलेलं. त्या पायरीवर बसल्या होत्या.

"धूळ बी पडत न्हाई अन् वास बी उडतो," त्या म्हणाल्या. "त्याला हेच सांगायचं व्हतं. राहिलं."

सकाळी मोठी टाकी पुसून घ्यायची आहे.