चारमिनारवरून दिसलेलं जामबाग

आई,

तू जाऊन पस्तीस वर्षं झाली आणि मी आज तुला पहिल्यांदा लिहायला बसले आहे. तू होतीस तेव्हा माझी पत्रं बाबांच्या नावे यायची, तेच तुला मोठ्यानं वाचून दाखवायचे. काही गोष्टी त्यांच्या आवाजात तुझ्यापर्यंत जाव्यात असं मला वाटत नव्हतं, म्हणून मग त्या लिहायच्याच राहून गेल्या.

आठवतं तुला, हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे ठरले होते. बाबांच्या कचेरीत कुणी म्हैसूरकडे जाणार, कुणी मुंबईकडे, कुणी इथंच राहणार अशा याद्या लागत होत्या. बाबांचं नाव औरंगाबादच्या यादीत लागलं. तू अकरा वर्षं जामबाग मोहल्ल्यात संसार केलास, पण कोटीच्या भाजीबाजारापलीकडचं हैदराबाद तू पाहिलं नव्हतंस. घरात निम्मं सामान बांधून झालेलं, आणि तू एका सकाळी बाबांना म्हणालीस, "आज मी पोरीला घेऊन शहर बघून येते." तू असं काही मागतेस हेच त्यांना नवीन होतं. ते नुसते "बरं" म्हणाले.

मी बारा वर्षांची होते आणि मला सगळं ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी आत्या ओसरीवर बाबांना सांगत होती, "शाळेचं वर्ष मध्येच कशाला मोडता? पोरगी माझ्याकडं राहू द्या, विद्यानगरला." आणि बाबा म्हणाले होते, "तिची आईच सांगेल तिला." म्हणून रिक्षात तू माझा हात धरून बसलीस तेव्हा तू कधी बोलतेस याची मी वाट बघत होते. मूसी नदीवरचा नयापूल आला, गेला. तू बाहेरच बघत होतीस.

आधी आपण नवाबाच्या देवडीतलं, म्हणजे जुन्या वाड्यातलं, संग्रहालय पाहिलं. घड्याळं, तलवारी, झुंबरं यांच्यापुढून तू भराभर गेलीस. ओली ओढणी घेतलेल्या त्या संगमरवरी बाईपुढे मात्र थबकलीस. "कसं भिजिवलंय माय ह्या दगडाला!" असं इतक्या मोठ्यानं म्हणालीस की लोक वळून बघायला लागले. मग आशूरखाना, मोहरमचे पंजे बसवतात तो. चपला बाहेर काढून, डोक्यावरून पदर घेऊन तू आत शिरतेस आणि भिंतीवरच्या निळ्या-पिवळ्या फरशांपुढे उभी राहतेस. मला भूक लागलेली, मी पदर ओढतेय, आणि तू खालपासून वर, वरपासून खाली बघते आहेस. शेवटी तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराला तू तुझ्या मोडक्यातोडक्या दखनीत विचारलंस, "चाचा, ये नीचे का बाद में किए क्या?"

तो उठूनच उभा राहिला. "हौ अम्मा! मूसी की तुग्यानी आई थी ना, पानीच पानी, नीचे का सब उसमें गया. फिर रंग मार दिए. इत्ते लोगां आते, किसीकू नै दिखता. तुमकू कैसे दिखा?"

"रांगोळी डालती मैं," तू म्हणालीस आणि लाजलीस. मग मला हळूच सांगितलंस, "वरच्या निळ्यात पाणी हाय, बघ. खालच्यात नाही." मी पुढे तीस वर्षं याच शहरात मुलींना चित्रकला शिकवली. रंगाबद्दल त्याहून नेमकं मला कधी काही सांगता आलं नाही.

चारमिनारच्या जिन्यात अंधार होता. नऊवारीचा काष्टा सावरत, भिंतीला हात लावत तू चढलीस. वर वारा होता. "आपलं जामबाग कोण्या अंगाला आलं?" मी नदीपलीकडे बोट दाखवलं. तू कितीतरी वेळ तिकडेच बघत राहिलीस. मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, "पोरी, सकाळपून तुला एक सांगायचं म्हनायलेय..."

मी तुला पुरं बोलू दिलं नाही. "आई, मी नाही येणार औरंगाबादला. माझी शाळा इथं आहे, मैत्रिणी इथं आहेत. मी आत्याकडे राहते."

"तुला ऱ्हायचंय?"

"हो."

"करमंल?"

"हो."

तू माझी सैल झालेली रिबीन सोडलीस आणि पुन्हा बांधलीस, नेहमीपेक्षा घट्ट. आठ दिवसांनी काचीगुड्याच्या स्टेशनावर गाडी हलली तेव्हा मी रडले नाही, म्हणून आत्यानं माझं कौतुक केलं.

शाळेचं ते एक वर्ष पुरं करायला राहिले, त्याची मॅट्रिकपर्यंतची सगळी वर्षं झाली, मग नोकरी, मग इथलंच सासर. मी सुट्टीत यायचे तेव्हा तू शेजारणींना सांगायचीस, "तिला हैदराबाद सोडवलं नाही बघा." त्यात तक्रार नसायची, उलट थोडी ऐटच असायची. शेवटच्या दुखण्यात मी उशाशी बसले होते, तेव्हा तू एकदम विचारलंस, "तवा खरंच ऱ्हायचं होतं का गं तुला?" मी तेव्हाही हो म्हणाले. तू डोळे मिटलेस. तुला बरं वाटलं असेल, असं मी धरून चालले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून आता लिहून टाकते. तुला सांगणं जड जाऊ नये म्हणून मी तसं बोलले, असं मी आजवर स्वतःला समजावत आले. ते अर्धंच खरं आहे. तू मला ठेवून जायला कबूल झालीस याचा मला फार राग आला होता, आई. तू सोडायच्या आधी मला तुला सोडायचं होतं.