आरोहीच्या वाटची सीताफळं

५ ऑक्टोबर
बाटली आली! आमच्या लेकीनं, आरोहीनं, परभणीहून सेनगावच्या एसटीत कंडक्टरजवळ दिली होती. ती तिथं प्रयोगशाळेत हेच बनवती. झिंग्यांच्या टरफलांतून काढलेलं कायटोसान, नॅनो म्हणे — कण इतके बारीक की डोळ्याला दिसत न्हाईत. फळावर पातळ थर चढतो, लवकर सडत न्हाई. बाटलीवर तिच्याच अक्षरात चिकटवलंय — ‘झिंग्याचं हाय. बाबांना देऊ नको.’

ह्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. घरात अंडंसुद्धा चालत न्हाई. अन् पोरीनं लग्न केलं ते सिद्धेश्वरच्या धरणावर मासे धरणाऱ्या घरातल्या बालाजीशी! दोन वर्षं झाली. “तिचं नाव काढायचं न्हाई,” म्हणाले ते म्हणालेच.

६ ऑक्टोबर
घर सोडून जाता जाता तिनं विहिरीजवळ लावलेल्या सीताफळाला यंदा पहिल्यांदाच फळं आली. अर्धी बाटलीतल्या औषधात बुडवली, सावलीत वाळवली, बाटलीसंगट कोठीच्या मागं लपवली. तिला एक तरी खाऊ घालीन! कसं, ते देव जाणे.

१० ऑक्टोबर
न बुडवलेली फुटली, काळी पडली, मुंग्या लागल्या. बुडवलेली अजून टणक! फोनवर सांगितलं तर लेकरू हसलं. मग विचारलं, “आई, झाड केवढं झालंय गं?”
माझ्या खांद्याला लागतंय, मी म्हणाले. तिला बघायचंय मला. फोनमधी न्हाई, अशी समोर बसलेली.

१२ ऑक्टोबर
दिवाळी जवळ आली. कशातच मन न्हाई.

१४ ऑक्टोबर
अगं माय! मी शेतातून आले तर हे ओसरीवर बसून सीताफळ खाऊन राहिले! कोठीमागचं, बुडवलेलं! माळ देवापुढं ठेवलेली. काहून काढली, विचारायचंही भान राहिलं न्हाई.
“गोड हाय,” म्हणाले.
साल कुठं खातो आपण? पण हात तर लागला! माझ्यापायी ह्यांचा नेम मोडला. कळलं की पोरीला जन्मात घरात घेणार न्हाईत. आता सांगू कोणत्या तोंडानं?

१५ ऑक्टोबर
सांगितलं न्हाई.

१६ ऑक्टोबर
सकाळी हे अंगणात माझा फोन कानाला लावून उभे. मी दाराआड थांबले.
“बाटलीवरचं वाचलं म्या. वाचूनच माळ काढली, मंग खाल्लं… व्हय, तुझ्या वाटची ठेवलीत. दिवाळीला ये. त्यालाबी आण… आता रडून काहून राहिली?”