तक्रारीनंतरचे हार

लाखनी, मंगळवार, संध्याकाळ

माझ्या तक्रारीनेच त्या पक्षाची माणसे वाढली, म्हणून हे लिहिते आहे. 'बाहेरचे हाकला' म्हणणाऱ्या पक्षाच्या शाखाप्रमुखाने राइस मिलमधल्या बिहारी मजुराला, रामदेवला, खोली सोडायला लावली. मी पोलिसांत गेले, त्यांनी शाखाप्रमुखाला धरले. दोन दिवसांनी तो सुटला, तर गळ्यात हार. हार घालणाऱ्यांत माझे जुने विद्यार्थी. तक्रार चुकली का? नाही, मागे घेणार नाही. पण एकटीच गेले, ते चुकले.

आज शाखाप्रमुखाच्या मावशीला, शोभाला, म्हटले, रामदेवची खोली परत मागायला घरमालकाकडे चल.

"पोलीस हायेत ना बाई, मी कायले बोलू?"

"पोलिसांनी धरलं की त्याले हार भेटतात. मावशी बोलली तर कोण हार घालते?"

ती आली. आणखी सहा जणी आल्या. वामनराव, घरमालक, कुरकुरले, "पोट्टे काचा फोडतीन."

शोभा म्हणाली, "फोडू द्या. आमी ओसरीवर बसून राहू. भाचा माहाच हाये, पाहून घेईन."

रामदेवची पेटी परत खोलीत न्यायला हार घालणाऱ्यांपैकी दोघे आले. दोघेच. तरी आले.

वामनरावांनी सर्वांसमोर रामदेवच्या हातात दिले: कुलूप एक, किल्ल्या दोन.