उरलेला मुलूख

वाळूज, औरंगाबाद
१६ जानेवारी १९९४, रविवार

तीर्थरूप दादांस,

धाकट्या मल्हारीचा दंडवत. वहिनींना नमस्कार. इकडं आम्ही सगळी खुशाल आहोत, तिकडं तुम्ही दोघं आणि मेंढरं खुशाल असाल असं धरून चालतो. पाकिटात चार दाणे तिळगूळ घातलाय. टपालाच्या शिक्क्याखाली त्याचा भुगा झाला असेल तर भुगाच गोड मानून घ्या.

माझं अक्षर बघून तुम्हाला नवल वाटेल. आईच्या दहाव्याला आलो होतो, त्याला आता अकरा वर्षं झाली. त्यानंतर ना पत्र, ना निरोप. त्याबद्दल काय लिहावं मला सुचत नाही, म्हणून सरळ कामाचंच लिहितो. काम आनंदाचं आहे.

म्हाळसा आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुम्ही तिला पाच वर्षांची बघितलेली. तिचा विषय कॉम्प्युटर. म्हणजे टीव्हीसारखं एक खोकं असतं आणि पुढं टाईपरायटरसारखी बटणं. तर दादा, त्याच्यावर तिनं स्वतःच्या डोक्यानं एक खेळ बनवलाय. सोंगट्या-पत्ते तसला खेळ नाही. त्या खोक्यात अख्खा मुलूख उभा केलाय पोरीनं.

झालं असं, की कॉलेजातल्या एका सरांनी परदेशातून एक खेळ आणला. त्यात अणुबॉम्बची लढाई होऊन गेलेली असते, मोठी शहरं खलास झालेली असतात आणि वाचलेली चार माणसं अमेरिकेच्या वाळवंटात हिंडत असतात. म्हाळसा घरी येऊन म्हणाली, "आबा, हे सगळं त्यांच्याकडंच का? आपल्या इथं बॉम्ब पडला तर कोण वाचंल?"

मी म्हटलं, "मेंढरांमागं रानात असंल तो वाचंल."

मी आपलं सहज बोललो. तिनं ते धरून ठेवलं.

तिच्या खेळात कन्नडचा घाट आहे, पिशोर आहे, लासूर स्टेशन आहे. लासूरला रुळावर मालगाडी गंजून उभी आहे आणि तिच्या डब्यांत माणसं संसार करतात. साखर कारखान्याच्या चिमणीवर चढलं की कुठं धूर निघतोय, कुठं वस्ती उरलीय ते दिसतं. खेळणाऱ्याला आधीच विचारतात, तू कोण? मेंढपाळ, वैदू, मिस्तरी की मास्तर? जे सोंग घ्याल त्याचे गुण अंगी येतात. मग कुठंही जा, वाट ठरलेली नाही. कुणाशी बोलायचं, कुणाला पाणी द्यायचं, हे आपलं आपण ठरवायचं, आणि पुढं गावं आपल्याशी तशीच वागतात.

मी अर्थातच मेंढपाळ झालो. चाळीस मेंढरं मिळाली. घाटाखालच्या डोहातलं पाणी पाजलं तर दहा जागीच मेली. मी तिला म्हटलं, "हे चुकलं तुझं. मेंढरू असल्या पाण्याला तोंडच लावणार नाही. थोरल्या आबांनी मला शिकवलंय, आधी म्हातारी मेंढी पुढं घालायची, तिनं मान फिरवली की पाणी सोडून द्यायचं." ती तुम्हालाच थोरले आबा म्हणते. दादा, पोरीनं लगेच वहीत लिहून घेतलं आणि आठ दिवसांत खेळात म्हातारी मेंढी आली!

त्या कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं. मग हिनं आलेखाच्या कागदावर एकेक अक्षर ठिपक्याठिपक्यानं काढलं. चौकोन काळे करायला मी बसायचो. तिच्या नावात ळ, म्हणून तो तीनदा खोडून परत केला. कंपनीच्या गेटवर मी सिक्युरिटीत आहे हे तुम्हाला माहीत आहे. गेटमधून जाणाऱ्या एकाही माणसाला मी हे ऐकवायचं सोडलं नाही. मॅनेजरसाहेबांनी गाडीची काच खाली करून विचारलं, "मल्हारराव, पोरीचा खेळ कुठवर आला?" मेंढरांमागं वाढलेल्या माणसाला अजून काय पाहिजे?

परवा संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. तुम्ही रेडिओवर ऐकलं असेल. शहरात बंदोबस्त होता. आमच्या गेटवर कुणी पेढे वाटले, कुणी खाली मान घालून गेलं. सोळा वर्षं चाललं ते. त्या पहिल्या सालाचं मी काही लिहीत नाही. तुम्हाला काय सांगायचं?

खेळात आपल्या गावचाही एक प्रसंग घेतलाय तिनं. असो.

तीस तारखेला कॉलेजात प्रदर्शन आहे. तुम्हाला बोलवायला पाहिजे म्हणून लिहितो. पण मेंढरं टाकून तुम्ही कसे येणार, हे मला कळतं. तेव्हा आला नाहीत तरी मला वाईट वाटणार नाही.

आपला आज्ञाधारक
मल्हारी


वाळूज
४ फेब्रुवारी १९९४

तीर्थरूप दादा,

तुम्ही आला नाहीत तरी वाईट वाटणार नाही, असं मी लिहिलं होतं. खरं लिहायचं तर तुम्ही येऊ नये असंच मला वाटत होतं. का, ते आज लिहितो. मध्येच पेन ठेवलं तर परत उचलणार नाही, म्हणून एका बैठकीत लिहितोय.

आधी म्हाळसाचं. तिला दुसरा नंबर मिळाला. पहिला एका यंत्राला गेला, पण रांग होती ती आमच्या म्हाळसापुढं. पोरं-पोरी, मास्तर, कारखान्यांतले इंजिनिअर, सगळी मेंढरं हाकत होती. एक टाय लावलेला साहेब म्हाताऱ्या मेंढीचं न ऐकता डोहावर गेला आणि कळप घालवून बसला. सगळे हसले. मी मागं भिंतीला उभा होतो, गेटवरचा ड्रेस घालून, बटणं घासून. माझ्या छातीत तो आनंद मावत नव्हता.

आता ते प्रसंगाचं.

खेळात एक गाव येतं. तिथं मेंढरांचं वाडगं आहे, काट्यांचं कुंपण घातलेलं. आत मेंढरांत माणसं लपलीत. गावातला जमाव हातात काठ्या, रॉकेल घेऊन त्यांना मागायला येतो. वाडग्याच्या तोंडाशी एक मेंढपाळ उभा आहे. तो खेळणाऱ्याला म्हणतो, दुसऱ्या बाजूला उभा राहा. मग खाली तीन ओळी येतात. सांगून टाक. निघून जा. उभा राहा. आपण एकीवर बोट ठेवायचं.

त्या मेंढपाळाचं नाव तिनं मल्हार ठेवलं होतं.

दादा, तिला तसंच माहीत होतं. मीच सांगितलं होतं. ती सात-आठ वर्षांची असताना पहिल्यांदा विचारलं, आबा, आपण गाव का सोडलं? मी सांगितलं, नामांतराच्या दंगलीत मी बौद्धवाड्यातल्या कडूबाला, त्याच्या बायकोला आणि आईला वाडग्यात लपवलं आणि तोंडाशी उभा राहिलो, म्हणून गावानं आपल्याला राहू दिलं नाही. एकदा सांगितलं. मग तिनं शाळेत सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं. दर वेळी मला वाटायचं, आता खरं सांगावं. दर वेळी ती इतक्या अभिमानानं माझ्याकडं बघायची की मी गप्प बसायचो.

प्रदर्शनात एका परीक्षकांनी तिला विचारलं, "ही कल्पना तुला कशी सुचली?"

ती म्हणाली, "कल्पना नाही सर. माझ्या वडिलांनी केलंय हे. ते बघा, मागं उभे आहेत. आणि ज्यांना वाचवलं ते कडूबाकाकासुद्धा आलेत."

मला न सांगता तिनं चिकलठाण्याला जाऊन त्यांना बोलावलं होतं. कडूबा तिथल्या एका कारखान्यात फिटर आहे. एवढी वर्षं एका शहरात राहून मी त्याच्या वाटेला गेलो नव्हतो. तो पहिल्या रांगेत बसला होता, शेजारी त्याची बायको केसरबाई. टाळ्या सुरू झाल्या. कडूबानं मागं वळून माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. टाळ्या वाजवल्या नाहीत. तो काहीच बोलणार नाही, हे मला कळलं. मी गप्प राहिलो असतो तर त्या दिवसापुरतं निभलं असतं.

मी पुढं गेलो. कसा गेलो माहीत नाही. म्हटलं, "साहेब, पोरीचं काही चुकलं नाही, मी तिला खोटं सांगितलं होतं. वाडग्याच्या तोंडाशी माझा थोरला भाऊ त्रिंबक उभा होता. मला दुसऱ्या बाजूला उभा राहा म्हणाला होता. मी बायको आणि पोर घेऊन मागच्या ओढ्यानं निघालो, ते कन्नडला एसटीत बसलो. त्याला एकट्याला मारलं. डावा हात मोडला त्याचा. बावीस मेंढरं कापली. तरी त्यानं कुणाला आत जाऊ दिलं नाही."

म्हाळसा माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं.

मग कडूबा उठला. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मल्हारराव, मला ठाऊक व्हतं तुमी पोरीला काय सांगितलंय. ती घरी आलती तवाच तिनं सगळं सांगितलं. म्या बोललो नाय. त्रिंबकदादानं मला तवाच शपथ घातली व्हती, माझ्या भावाचं नाव कुठं काढू नको, त्याला पोर हाय, त्याला शहरात पोट भरायचंय."

दादा, हे तुम्ही केलं होतं? मोडका हात घेऊन?

केसरबाई मात्र म्हाळसाकडं वळल्या. म्हणाल्या, "पोरी, खेळ लई भारी केला. पण आतली माणसं तू नुसती दडवून ठेवली. आमाला नावं हायत की. मी व्हते, हे व्हते, आमची सासू भामाबाई व्हती. ह्यांच्या हातात कुऱ्हाड व्हती. तुज्या चुलत्याला लागलं तवा हे भाईर निघाले व्हते, चुलत्यानंच पाठ लावून दार दाबलं. ते बी घाल."

म्हाळसानं वही काढली आणि लिहून घेतलं.

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. काल सकाळी मी ड्युटीवर निघालो तेव्हा दारात येऊन विचारलं, "आबा, तुम्ही ओढ्यानं निघालात तेव्हा मी कुठं होते?"

"माझ्या खांद्यावर."

"मागं बघितलं का तुम्ही?"

"नाही."

ती म्हणाली, "मी बघितलं असणार. खांद्यावरच्या पोराचं तोंड मागंच असतं. मला आठवत नाही, पण मी त्यांना उभं राहिलेलं बघितलं असणार."

आता खेळात तुमचं नाव आहे. आत कडूबा, केसरबाई, भामाबाई आहेत. आणि ओढ्यानं जाणारा एक माणूसही तिनं घातलाय, खांद्यावर पोर घेतलेला. त्याला नाव दिलं नाही. मी म्हटलं, दे. ती म्हणाली, "ते तुम्ही थोरल्या आबांना विचारून या, मग बघू."

म्हणून विचारतोय. आम्ही दोघं येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी निघतो आहोत. तुम्ही येऊ नको म्हणालात तर मी पिशोरच्या स्टँडवर बसून राहीन, पण तिला पुढं येऊ द्या. तिला तुम्हाला बघायचंय. आजवर माझी पोर म्हणून मी तिचा अभिमान मिरवला. खरं म्हणजे ती तुमच्यावर गेलीय.

हे पत्र पाकिटात घालण्याआधी तिला वाचायला दिलं होतं. एकही ओळ खोडू नका म्हणाली.

तुम्ही धाडाल त्या उत्तराला तयार असलेला
मल्हारी


ता. ८/२/९४

चि. मल्हारीस आशीर्वाद. चि. म्हाळसास लई लई आशीर्वाद.

तुझी दोनी पत्रं पोचली. हात वळत नाय म्हणून थोडंच लिवतो. तुझ्या वहिनीला दुसरं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणली, अजून एकदा वाचा.

तू गेला त्याचा राग तीन सालं व्हता. मेंढरामागं चालून चालून जिरला. पर आईच्या दहाव्याला आला आन माझ्या हाताकडं न बघता माघारी गेला, तो राग अजून हाय. तू ये, म्हंजी तोबी जाईल. स्टँडवर बसायचं काम नाय, मी न्यायला येतो.

पोरीला सांग, त्या ओढ्यातल्या माणसाला नाव दे. माझा भाऊ हाय तो, बिननावाचा कशाला फिरल?

आन खेळातला त्रिंबक नुसता उभा हाय असं दिसतंय. ते खरं नाय. त्याचे पाय लटलट कापत व्हते, तोंडातून शबुद फुटत नव्हता. ते घाल म्हणावं. नायतर खेळणाऱ्या पोरास्नी वाटंल, हे काम आपल्याच्यानं व्हायचं नाय.

तुझा थोरला
त्रिंबक