गुलाबी डब्यातली ताकद

११ जून
तरुलता सकाळीच गुलाबी डबा घेऊन हजर! ही माझी धाकटी जाऊ. दिवाळीपासून भावनगरभर ही पावडर विकते. "भाभी, रोज दुधातून एक चमचा. खास बायकांसाठी!" खास म्हणजे काय गं? "थकवा, चिडचिड, पाठदुखी, काळवंडणं..." — म्हणजे मीच! घेतला. हल्ली जिन्यात मध्येच बसावं लागतं.

१४ जून
चव — गुलाबपाण्यात कालवलेला खडू.

१९ जून
माझा पेला चुकून ह्यांनीच पिऊन टाकला. मग दिवसभर आरशासमोर! सासूबाई म्हणाल्या, "हर्षद भाजी चिरायला बसला, तर फायदा झाला समजायचं." बसले नाहीत.

२ जुलै
फायदा होतोय का? देव जाणे. काल तरतरी होती — पण काल माहेरून भाऊ आला होता. आज पुन्हा मेल्यासारखी. तरु म्हणते, "थकवा वाढला म्हणजे औषध लागू पडतंय, भाभी!" आणि कमी झाला तर? "मग लागू पडलंच की!" हिच्याशी कोण वाद घालणार!

१२ जुलै
आज तोंड दाखवायला जागा उरली नाही. तरुच्या घरी बायकांची बैठक होती. समोर गाठिया, डबे, आणि खुर्चीवर मी — गुण आलेली बाई म्हणून. तरु म्हणाली, "आता माझ्या भाभी स्वतः सांगतील, अंगात कशी ताकद आली!" मी काही सांगितलं नाही. मी झोपले होते. घोरत होते म्हणे! मागून कुणीतरी विचारलं, "झोपेचं औषध आहे होय हे?" एकही डबा खपला नाही. तरु रडकुंडीला आली.

१५ जुलै
सासूबाईंनी हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त निम्म्यावर आलंय. "पाळीत फार जातं का?" — हे आजवर मला कुणी विचारलंच नव्हतं. जातं. वर्ष झालं. मी पावडरीचं सांगितलं. "त्यात लोह आहे?" डब्यावर डाळिंब आहे, म्हटलं. "डाळिंबाचं चित्र आहे, बेन." सासूबाई इतक्या हसल्या, की बाहेरचे डोकावले. लोहाच्या गोळ्या दिल्या, सोनोग्राफी सांगितली.

२४ जुलै
गर्भाशयात गाठ आहे. साधी. औषधानं भागेल म्हणाल्या. घरी येऊन पोटभर रडले, मग पोटभर जेवले.

३० ऑगस्ट
जिना एका दमात! वर पोचल्यावर ओरडून सांगितलं, तर हे म्हणाले, "मग माझा चष्मा विसरलाय खाली, तेवढा आण." आणला नाही.
तरु अजून बोलत नाही. मी धंदा बुडवला म्हणते.

६ सप्टेंबर
दुपारी तरु आली. दार लोटून घेतलं. मग हळूच — "भाभी, मलाही घेऊन चल ना तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे. दोन वर्षं असंच चाललंय. पण विकणारीनंच थकले म्हणायचं कसं?"